सोळावी पाकळी

संपाला सातवा महिना लागला होता आणि गिरणगावात ज्याला त्याला पोटाची चिंता होती. तुळशीदास मेस्त्रीलाही होती, नाही असं नाही. पण त्याची खरी जळजळ पोटाच्या जरा वर होती, आणि तिचं नाव भिवा होतं.

दोघे एकाच गिरणीच्या सुतारखात्यात. दोघांचं वय अठ्ठेचाळीस, दोघांचं गाव कणकवलीकडचं, आणि दोघे भोईवाड्यातल्या एकाच चाळीत राहणारे; तुळशीदास दुसऱ्या मजल्यावर, भिवा तळमजल्यावर. भिवा हा तुळशीदासच्या वडिलांच्या मामेभावाचा मुलगा. लहानपणी पटकीच्या साथीत आईबाप गेले, म्हणून दहाव्या वर्षी तुळशीदासचे वडील, म्हणजे अण्णा मेस्त्री, त्याला गावाहून मुंबईला घेऊन आले. अण्णा साधे सुतार नव्हते. जिन्याचे खांब, कठड्याचे गज, दारावरच्या महिरपी हे त्यांचं काम. गिरगावात आणि दादरला अशी कितीतरी घरं होती, जिथे माणूस जिना चढताना नकळत अण्णांच्या कामावर हात ठेवून वर जायचा.

भिवा आला त्याच वर्षी अण्णांनी दोन गोष्टी केल्या. तुळशीदासला इंग्रजी शाळेत घातलं आणि भिवाच्या हातात पटाशी दिली. "माझ्या झिलान खुर्चीर बसाचा, खुर्ची करूची नाय," असं ते मुलाबद्दल चाळीत सगळ्यांना सांगायचे. तुळशीदास शाळेतून यायचा तेव्हा गॅलरीत अण्णा आणि भिवा एकाच लाकडावर वाकलेले असायचे. अण्णांचा हात भिवाच्या हातावर. तुळशीदास दप्तर घेऊन त्यांच्या अंगावरून आत जायचा. दोघांपैकी कुणीही मान वर करायचं नाही.

पुढे तुळशीदास मॅट्रिकला दोनदा आपटला आणि तिसऱ्यांदा बसलाच नाही. एकोणिसाव्या वर्षी तो बापापुढे येऊन म्हणाला, मला शिकवा. अण्णांची नजर तोवर गेली होती. ते म्हणाले, "माझो हात आता चलणा नाय. भिवाकडसून शिक."

हे एक वाक्य तुळशीदासने एकोणतीस वर्षं पोटात सांभाळलं. भिवाकडून तो काही शिकला नाही. गिरणीतल्या एका पंजाबी मिस्त्रीकडून शिकला आणि सांधेकामात तयार झाला. त्याने जोडलेल्या चौकटीत पोस्टकार्ड शिरायचं नाही. पण कोरीवकाम त्याला आलं नाही ते नाहीच. गिरणीत तशीही कमळं कोरायला कुणी पगार देत नाही, म्हणून कधी कुणाला ते कळलं नाही.

अण्णा गेले तेव्हा त्यांची हत्यारांची पेटी तुळशीदासकडे आली. रक्ताचा मुलगा तो. भिवाने पेटी मागितली नाही, तिच्याबद्दल कधी शब्द काढला नाही. फक्त दर दसऱ्याला तो अंघोळ करून, झेंडूची फुलं घेऊन वर यायचा, पेटी उघडायचा, एकेका हत्याराला हळदकुंकू लावायचा, पाया पडायचा आणि निघून जायचा. तुळशीदास त्याला नको म्हणायचा नाही. बसही म्हणायचा नाही.

असं सगळं आतल्या आत धुमसत असताना, श्रावणात एके दिवशी दुपारी मीनाक्षीबाई राजाध्यक्ष चाळीत आल्या.

मीनाक्षीबाई शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीत सासऱ्यांनी बांधलेल्या दुमजली घरात एकट्या राहायच्या. मुलींच्या शाळेच्या हेडमिस्ट्रेस होत्या, निवृत्त झाल्या तरी चालणं आणि बोलणं हेडमिस्ट्रेसचंच. त्यांच्या दिवाणखान्यातून वर जाणाऱ्या जिन्याच्या पायथ्याशी अण्णांनी केलेले सागाचे दोन खांब होते, जिन्याच्या दोन्ही बाजूंना एकेक. खाली चौकोनी बैठक, मध्ये कातलेला गोल घट, आणि माथ्यावर नारळाएवढी कमळाची कळी. लहानपणी एकदा अण्णा तुळशीदासला ते दाखवायला घेऊन गेले होते. उचलून त्याचा हात त्यांनी कळीवर ठेवला होता. बापाने उचलून घेतल्याची त्याला एवढी एकच आठवण होती.

बाई जिना चढून वर आल्या तेव्हा तुळशीदास गॅलरीतच उभा होता.

"अण्णा मेस्त्रींचे चिरंजीव इथेच राहतात ना?" त्यांनी विचारलं.

तुळशीदासने सदऱ्याचं बटण लावलं. तो हो म्हणणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "भिवा. अण्णांबरोबर दरवर्षी आमच्याकडे पॉलिशला यायचा तो मुलगा. उजव्या हाताचा खांब वाळवीने खाल्लाय हो, हात लावला तर बोट आत गेलं."

आता इथे तुळशीदासने सांगायला हवं होतं, की बाई, मुलगा मी आहे. शब्द ओठावर आले होते. पण ते म्हटलं असतं तर बाईंनी पुढचा प्रश्न विचारला असता, मग तुम्ही करता का खांब? आणि त्याचं उत्तर त्याला ठाऊक होतं. म्हणून तो म्हणाला, "खाली. तिसरी खोली."

त्या दिवशी तो जेवला नाही. त्याची बायको गुणवंती संप लागल्यापासून परळच्या हॉस्पिटलातल्या नर्सांना डबे करून देत होती. घर त्यावरच चाललं होतं. तिने ताट उचलताना विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. आयत्या बिळावर नागोबा."

"कोण नागोबा?"

"आहे एक."

गुणवंतीला नाव विचारायची गरज नव्हती. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती आणि तेवढी वर्षं ती या नागोबाला दूध पाजलं गेलेलं पाहत होती.

संध्याकाळी भिवा स्वतः वर आला. दारातच उभा राहिला.

"तुळश्या, काम मोठा आसा," तो म्हणाला. "खालचो खांब झालो काय वरचो सगळो कठडो. वरती आणि दोन खांब. दिवाळीपर्यंत पुरात. दोघांनी करूया."

"तुझा हेल्पर म्हणून?"

"हेल्पर कसलो रे? मी कोरतंय, तू जोड. तुझ्यासारखो सांधो माका जमणा नाय."

हे खरं होतं, आणि भिवा ते मनापासून बोलत होता. पण मत्सराचे कान वेगळे असतात. तुळशीदासला ऐकू आलं ते एवढंच, की कोरणार मी, तू खिळे मार.

"मला वेळ नाही," तो म्हणाला. सात महिने घरी बसलेला माणूस. गुणवंतीच्या हातातलं लाटणं थांबलं, पण भिवापुढे ती बोलली नाही. भिवा गेल्यावर मात्र बोलली, आणि ती जे बोलली त्यात वेळ हा शब्द बऱ्याचदा आला.

भिवाने काम एकट्याने केलं. मोडलेल्या एका जुन्या चाळीची तुळई त्याने मिळवली, जुना बर्मा साग, म्हणजे दोन्ही खांबांचं लाकूड एकाच वयाचं दिसावं. माझगावला गोदीजवळ ओळखीच्या कारखान्यात लेथ होता, तिथे घट कातून आणला. कळी मात्र खोलीच्या दारात बसून हाताने कोरली. चाळ येता-जाता बघायला थांबायची. चाळीतला जगन गावडे, जो एरवी स्वतःच्या बायकोचंही कौतुक करायचा नाही, तो म्हणाला, "अण्णा परत आले रे." तुळशीदास तेव्हा वरच्या गॅलरीत उभा होता. त्या वाक्यापासून त्याने भिवाच्या दारावरून जाणारा पुढचा जिना वापरणं सोडलं आणि मागच्या संडासाकडच्या जिन्याने जाऊ-येऊ लागला.

भाद्रपद संपेपर्यंत खांब बसला. नवरात्रात भिवा भातकापणीला गावी गेला, आणि घटस्थापनेपासून चौथ्या दिवशी तुळशीदास स्वच्छ सदरा घालून शिवाजी पार्कला गेला. कशाला जातोय हे त्याने गुणवंतीला सांगितलं नाही. स्वतःलाही त्याने वडिलांचं काम बघून यावं एवढंच सांगितलं होतं. खरं कारण वेगळं होतं. त्या खांबात एक खोट सापडली पाहिजे होती, एक तरी, नाहीतर त्याला झोप लागली नसती.

मीनाक्षीबाईंनी दार उघडलं. त्याने सांगितलं, मी अण्णा मेस्त्रींचा मुलगा. सख्खा.

"म्हणजे भिवा..."

"तो आमच्याकडे वाढला."

बाई ओशाळल्या. त्यांनी त्याला आत घेतलं, खुर्ची दिली, चहा दिला. "बरं झालं आलात," त्या म्हणाल्या. "खांब बसवले तेव्हा मी पुण्याला बहिणीकडे होते. परत येऊन बघते तो मला कुठला जुना आणि कुठला नवा तेच कळेना. इतके सारखे."

"मला कळतं," तुळशीदास म्हणाला. "बापाचा हात मी ओळखणार नाही?"

जिन्याच्या डाव्या बाजूला भिंत होती. डावा खांब भिंतीला खेटून, जेमतेम हात जाईल एवढी फट ठेवून उभा होता. उजवा खांब दिवाणखान्याकडे, मोकळा, आल्यागेल्याच्या नजरेत. वाळवी उजव्याला लागली होती, म्हणजे डावा अण्णांचा आणि उजवा भिवाचा, यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. आणि भिवा आपलं काम दर्शनी लावल्याशिवाय राहील होय, असंही तुळशीदासच्या मनात आलं.

तो डाव्या खांबापुढे उभा राहिला, आणि त्याने खरोखर हात जोडले. त्याने कळीवरून बोट फिरवलं.

"हे बघा बाई," तो म्हणाला. "ही पाकळी कशी सुटलीय बघा. कडेला पातळ, मुळाशी भरलेली. आता उमलेल असं वाटतं. याला हात म्हणतात. हा उतार भिवाला सात जन्मांत जमायचा नाही."

मग तो उजवीकडे वळला. "आणि हे. चांगलं आहे, नाही म्हणत नाही. पण जीव नाही यात. नकलेला जीव नसतो."

बाई चष्मा लावून दोन्हीकडे बघत होत्या. फरक त्यांना दिसत नव्हता. पण कारागिराचा मुलगा सांगतोय म्हटल्यावर त्या मान हलवत होत्या. तुळशीदास जिन्याच्या तीन पायऱ्या चढला, वळला, आणि वरून त्याला जे हवं होतं ते दिसलं.

उजव्या खांबाच्या कळीची मागची पाकळी, जिन्याकडे तोंड असलेली, कोरलेलीच नव्हती. तिची आखणी होती, कड होती, पण मध्ये लाकूड तसंच गुळगुळीत, बंद. बाकीच्या पंधरा उमललेल्या आणि सोळावी मुकी.

त्याला इतका आनंद झाला की त्याने कठडा धरला. तो खाली उतरून डाव्या खांबाशी गेला, समोरून पाहिलं, बाजूंनी पाहिलं. दिसत होत्या त्या सगळ्या पाकळ्या पुऱ्या. भिंतीकडची बाजू दिसत नव्हती. ती बघायचं त्याच्या मनातही आलं नाही. बापाच्या कामात खोट शोधायला तो आला नव्हता.

"बाई, इकडे या," तो म्हणाला. "हे तुम्हाला सांगितलं होतं का त्याने?"

मीनाक्षीबाई तीन पायऱ्या चढून आल्या आणि त्यांनी पाहिलं. पस्तीस वर्षं त्यांनी अर्धवट गृहपाठाच्या वह्यांवर लाल शेरे मारले होते.

"अपुरं काम," त्या म्हणाल्या. "आणि मी त्याला शाबासकी दिली."

"घाई झाली असेल," तुळशीदास म्हणाला. विष देणाऱ्याने वर साखर घालावी तसं. "मोठी कामं मिळायला लागली की होतं असं."

"तुम्ही पुरं कराल?"

"उद्या येतो."

"मग वरचं कामही तुम्हीच बघा," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने अण्णांची पेटी उघडली. गुणवंती म्हणाली, दसरा पाच दिवसांवर आलाय, आता हत्यारं घासूनपुसून पुजायला ठेवायची की बाहेर काढायची? त्याने ऐकलं नाही. पेटीतली सगळ्यात बारीक गोल पटाशी, जिची मूठ अण्णांच्या अंगठ्याने एका बाजूला झिजली होती, ती त्याने घेतली आणि धार लावली. आपल्याला कोरता येत नाही हे त्याला माहीत होतं. पण पंधरा पाकळ्या समोर असताना सोळावी काढायला काय लागतं? एक पाकळी तर कोणीही काढील.

शिवाजी पार्कला पोचून तो पायरीवर बसला आणि कामाला लागला. लाकडी हातोडीचा पहिला ठोका मारताना त्याला लहानपणीची गॅलरी आठवली, एका लाकडावर वाकलेली दोन डोकी. प्रत्येक ठोक्याला त्याला बरं वाटत होतं. ही घे तुझी शाबासकी. हे घे अण्णा परत आले. लाकूड जुनं आणि कडक होतं, पटाशी एकदा सटकली आणि शेजारच्या पाकळीवर ओरखडा उठला. तो त्याने घासून घालवला. दोन तासांत पाकळी तयार झाली. बाकीच्या पंधरांच्या मानाने जरा जाड, जरा आखडलेली, पण झाली. त्याने काचपेपर मारला आणि चिंधीने पॉलिशचा पहिला हात दिला.

तेवढ्यात दार वाजलं. बाईंनी उघडलं. भिवा होता, गावाहून सरळ आलेला. खांद्यावर नारळांची पिशवी. "बाईंनु, गावचे नारळ," म्हणून त्याने पिशवी खाली ठेवली, आणि मग त्याला पायरीवर बसलेला तुळशीदास दिसला. आधी त्याचा चेहरा खुलला.

"इलंस? माका वाटला होता, तू येतलंस."

मग त्याची नजर पटाशीवर गेली. मग खाली पडलेल्या ढलप्यांवर. तो जिना चढून आला, खांबाच्या मागच्या बाजूला वाकला आणि कितीतरी वेळ वाकलेलाच राहिला.

"भिवा," मीनाक्षीबाई खालून म्हणाल्या, "माझी अपेक्षा नव्हती तुझ्याकडून. एवढं सुरेख काम आणि शेवटी अर्धवट सोडलंस. यांनी दाखवलं म्हणून कळलं."

भिवा वाकलेला सरळ झाला. तो खाली उतरला, त्याने मनगट धरून तुळशीदासला उठवलं आणि डाव्या खांबाजवळ नेलं.

"मागे हात घाल," तो म्हणाला.

"कशाला?"

"घाल तू."

तुळशीदासने भिंत आणि खांब यांच्या फटीत हात सरकवला. बोटांनी पाकळ्या मोजल्या. एक, दोन, तीन. चौथ्या जागी बोट घसरलं. तिथे कड होती, आखणी होती, आणि मध्ये लाकूड गुळगुळीत, बंद.

"अण्णांचाही अपुरा?" तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

"ह्यो अण्णांचो न्हय. ह्यो माझो." भिवा हळू बोलत होता, बाईंना ऐकू जाऊ नये असं. "अण्णांचो तो. उजवो."

"वाळवी तर उजव्याला..."

"होय. म्हणान तर. डावो चांगलो होतो, तो मी काढून उजवीकडे आणलंय. अण्णांचा काम भिंतीआड कित्याक? येणाऱ्या माणसाचो हात त्यांच्या कामार पडूक होयो. माझा रवला भिंतीकडे."

तुळशीदास उजव्या खांबाकडे बघत राहिला.

"आणि पाकळी?"

"गालबोट ता. पुऱ्या झालेल्या कामाक दिष्ट लागता. लहान पोराच्या गालार काजळाचो ठिपको लावतत ना, तसा. अण्णा दर कळीची सोळावी बंद ठेवीत. दुसरी सही त्यांका येय नाय. तुका म्हायती नाय ह्या माका म्हायती असता, तर सांगलंय असतंय. माका वाटला, झिलाक सांगितल्यानी आसतले."

काल ज्याला बापाचा हात म्हणून त्याने हात जोडले होते तो भिवाचा हात होता, आणि ज्यात जीव नाही म्हणून त्याने नाक मुरडलं होतं तो बाप होता. आणि बापाची सही त्याने बापाच्याच पटाशीने खरवडून काढली होती. वाळवी निदान लाकडाशी वैर धरत नाही. भिवाने त्याला शिव्या द्याव्यात, कानाखाली वाजवावी, असं तुळशीदासला फार वाटलं. भिवा फक्त ढलप्या गोळा करत होता. एकेक उचलून त्याने त्या रुमालात ठेवल्या.

"शाळेत जायसंस ना तू," तो खाली बघतच म्हणाला. "मी पटाशी धरून तुझ्या दप्तराकडे बघत बसंय. अण्णा टपली मारीत. म्हणत, तेचा तेका, तुझा तुका."

मीनाक्षीबाई पुढे आल्या. त्यांनी चष्मा पुसून नवी पाकळी पाहिली आणि समाधानाने मान हलवली. "आता कसं पूर्ण झालं. भिवा, तू कारागीर चांगला आहेस, पण काम तडीस न्यायला शीक यांच्याकडून."

भिवाने रुमालाची गाठ मारली. त्याने तुळशीदासकडे पाहिलंही नाही. तो गप्पच राहणार होता, आणि हे तुळशीदासला स्वच्छ कळलं. नुसतं तोंड बंद ठेवलं की झालं. वरचा कठडा आपला, वरचे दोन खांब आपले, दिवाळी आपली. गुणवंतीच्या डब्यांवर जगण्याची लाज संपली. शिवाय भिवाचं नाव कायमचं खाली. एवढं सगळं एका गप्प बसण्यात मिळत होतं, आणि ते त्याला हवं होतं. देवाशप्पथ हवं होतं.

"बाई," तो म्हणाला, "हा खांब भिवाचा नाही. हा माझ्या वडिलांचा. भिवाचा तो, भिंतीकडचा. अण्णा एक पाकळी मुद्दाम बंद ठेवायचे. काम अपुरं नव्हतं. मी बिघडवलं."

बाई एकदा या खांबाकडे, एकदा त्या खांबाकडे बघू लागल्या. "पण तुम्ही तर काल म्हणालात, बापाचा हात..."

"म्हणालो."

"मग ओळखला कसा नाही?"

"मला नाही ओळखता आला," तुळशीदास म्हणाला. "त्या भिंतीकडच्या खांबाला कुणाला हात लावू देऊ नका. या घरात अण्णांची सही आता तेवढीच राहिलीय."

आणि ती भिवाच्या हातची होती, हे त्याने बोलायचं टाळलं. पण घरी चालत येताना वाटेत त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं. बापाने दिलेली खूण दोघांपैकी एकाकडे उरली, आणि ती कुणाकडे उरावी हे ठरवायला पटाशी त्याने स्वतः चालवली होती.

दसऱ्याला भिवा येणार नाही असं त्याला वाटलं होतं. गुणवंतीने तरी पेटी पुसून पाटावर ठेवली. नऊच्या सुमारास भिवा अंघोळ करून, झेंडूची फुलं घेऊन वर आला. पेटी उघडली. रंधा, करवत, गिरमिट, एकेकाला हळदकुंकू लावलं. बारीक गोल पटाशी हातात आली तेव्हा तो क्षणभर थांबला, तिच्या झिजलेल्या मुठीवरून अंगठा फिरवला, आणि बाकीच्यांना लावलं तसंच तिलाही कुंकू लावलं. जास्त नाही, कमी नाही. त्याच्या त्या शांतपणाचाही तुळशीदासला हेवा वाटला. आपल्याला असं वागता आलं नसतं, हे त्याला ठाऊक होतं.

भिवा पाया पडून उठला.

"बस," तुळशीदास म्हणाला.

भिवाने आधी गुणवंतीकडे पाहिलं, कारण या खोलीत हा शब्द त्याने तुळशीदासच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मग तो खाली बसला. गुणवंतीने चहाचं आधण ठेवलं.

"बाईंनी निरोप धाडलानी," भिवा म्हणाला. "वरचा काम दोघांनी करा म्हणतत. उद्यापासून."

"अण्णा म्हणाले होते, भिवाकडून शीक."

"म्हायती आसा. मी थयंच होतंय."

"तर शिकव. खांब तू कोर, सांधे मी करतो. पंधरा पाकळ्या तू काढायच्या आणि मी बघायच्या."

"आणि सोळावी?"

"सोळावी माझी," तुळशीदास म्हणाला. "ती मी ठेवणार. तू तिला हात लावायचा नाहीस."

भिवाला हसू आलं. न कोरायची पाकळी कुणी कोरली नाही, हे बघणाऱ्याला कसं कळणार? पण त्याने ते विचारलं नाही. तुळशीदासचा चेहरा अगदी गंभीर होता, ताटलीतला शेवटचा पेढा आपलाच म्हणून हात ठेवून बसलेल्या पोरासारखा. गिरणी पुढे उघडली तेव्हा दोघांपैकी कुणालाच परत बोलावणं आलं नाही, आणि शिवाजी पार्कच्या त्या जिन्यावर दिवाळीनंतरही बरेच महिने दोघे एका लाकडावर वाकून बसलेले असायचे. मत्सर गेला होता असं नाही. प्रत्येक कळीला पंधरावी पाकळी संपली की तुळशीदास भिवाच्या हातातून पटाशी काढून घ्यायचा.